पॅडवाल्याचा हेडफोन

"भैया, ये भी डुप्लिकेट निकला," पीयूष कापगते म्हणाला आणि हेडफोन काउंटरवर जवळजवळ आपटलाच.

भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारातलं हे त्याचं तिसरं दुकान. प्रत्येक ठिकाणी त्यानं आपल्या मोबाइलवरचा तोच तुकडा लावला होता, स्वतः पॅडवर वाजवलेला. ढोलाची धमक येत होती, मधला ठेका येत होता, पण झांजेचा बारीक 'छिस छिस' काही केल्या येत नव्हता. दुकानदारानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, थोडा वेळ मान डोलावली आणि म्हणाला, "आ तो रहा है." पीयूषला हसू आलं. पॅडवाल्याला ऐकायला शिकवणार हा गृहस्थ! सगळं पावर हाउस नकली मालानं भरलंय, असा निकाल देऊन तो तिथून उठला.

आता त्याच्या रागालाही आधार होता. शाळा सुटल्यापासून पीयूष देवाजींच्या धुमाल पार्टीत पॅड वाजवत होता. धुमाल म्हणजे काय हे भिलाईत कोणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. एक मिनी ट्रक, त्यावर स्पीकरच्या भिंती, वर लोखंडी भोंगे, मागे धडधडणारा जनरेटर, आणि या सगळ्याच्या मध्ये जी काही चिंचोळी जागा उरते तिच्यात बेंजोवाला, ढोलकवाला आणि दोन काठ्या घेऊन इलेक्ट्रिक पॅड बडवणारा पॅडवाला. पुढे वरात नाचते. पॅडवाल्याच्या डाव्या कानापासून भोंगा हातभर अंतरावर. कुम्हारीपासून दुर्गपर्यंत कुठल्याही लग्नात पीयूषचं पॅड सुरू झालं की म्हातारेसुद्धा खुर्च्या सोडून उठत. त्याचे वडील रामाजी गोंदियाकडचं शेत सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटात आले, रेल मिलमध्ये राबले, क्वार्टर लीजवर घेऊन ठेवलं आणि मुलानं आयटीआय करावं असं म्हणता म्हणता वारले. मुलानं ऐकलं नाही. त्याला ठेका सोडून दुसरं काही ऐकूच येत नसे, असं त्याची बायको टीना म्हणायची.

पण गाडीचा त्याला कंटाळा आला होता. गाडीवर वाजवायचं ते नवरदेवाचे मित्र ओरडतील ते. पस्तिशी जवळ आली तरी आपलं म्हणावं असं काही त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि हे त्याला आतून खात होतं. दुर्गला सुजय नावाचा एक ओळखीचा होता, तिथल्या जुन्या मराठी घरातला. त्यानं घराच्या मागच्या खोलीत गाणी ध्वनिमुद्रित करायचं काम सुरू केलं होतं. छत्तीसगढी गाण्यांना बीट बनवून देणारी माणसं त्याला कमी पडत. तो म्हणाला, "पीयूषभाऊ, घरी बसून करा ना. तुमच्यासारखा हात कोणाचा आहे?" बस. गाडीवरून उतरायचं, घरात बसून स्वतःचा ठेका बांधायचा आणि त्यावर घर चालवायचं, एवढंच पीयूषच्या मनानं घेतलं.

सुजयनं त्याला नीट समजावलं होतं. लॅपटॉप जुना चालेल, फक्त मेमरी भरपूर हवी. माइक आणि गिटार लागेल असं दोन तोंडांचं साधं साउंड कार्ड पुरे. कीबोर्ड पंचवीस पट्ट्यांचा, मांडीवर मावेल एवढा. पॅड तर आहेच, तेच जोडून घेऊ. "जिथे वाचवता येईल तिथे वाचवा, पण हेडफोनमध्ये वाचवू नका. आणि बास फुगवून सांगणारा घेऊ नका, जे आहे तेच सांगणारा घ्या." स्पीकर घ्यायचे का, हा प्रश्नच नव्हता. सेक्टरमध्ये, म्हणजे प्लांटाच्या वसाहतीत, क्वार्टरांच्या भिंती सामाईक, आणि वरच्या मजल्यावर धर्मेंद्र प्लांटातला शिफ्टवाला. त्याची नाइट असली की दिवसा सगळी ओळ दबक्या पावलांनी वावरते. बायका कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करतात. तिथे कोण ढोल वाजवू देणार?

तर सगळं जमलं आणि घोडं हेडफोनवर अडलं. शेवटी आतल्या गल्लीत, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका टपरीवर, पीयूषला हवा तो हेडफोन सापडला. प्लास्टिकचा, हलका, फुकटात मिळाल्यासारखा स्वस्त. पण कानाला लावला आणि छिस आली! बारीक होती, दुरून येत होती, पण आली. मोठ्या दुकानातल्या शहाण्यांना काही कळत नाही, हा हिरा आपणच शोधला, या आनंदात तो घरी आला आणि टीनाच्या कानाला त्यानं तो लावला.

टीनानं लगेच ओढून काढला. "अहो, सुई टोचते ना कानात! हे काय घेऊन आले?"

"तुले नाही कळत. साफ आवाज असाच असते."

मला विचाराल तर इथेच त्यानं बायकोचं ऐकायला हवं होतं. पण पंधरा वर्षं भोंग्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला डेंटिस्टच्या रिसेप्शनवर बसणारी बाई आवाज शिकवणार? त्यानं ते हसण्यावारी नेलं.

पहिलं काम गणपतीच्या गाण्याचं आलं. राजनांदगावची एक नवी गायिका, आवाज गोड. पीयूष जेवणखाण विसरून बसला. दोन दिवसांनी त्यानं बीट पाठवला आणि सुजयचा फोन आला.

"भाऊ, ठेका लाजवाब आहे. पण वर करवत चालवलीय का तुम्ही? झांज इतकी वर आहे की गाणंच ऐकू येईना."

पीयूषनं झांज कमी केली. कमी केली की त्याला ती ऐकूच येईना, म्हणून परत थोडी वाढवली. सुजयनं परत पाठवलं. पीयूषनं वायर बदलली. सुजयनं परत पाठवलं. पीयूषनं साउंड कार्ड बिघडलं असं ठरवून ते दुकानदाराच्या गळ्यात मारलं आणि भांडून दुसरं आणलं. पण रोज सकाळी त्या डबड्यासमोर बसायचं तो पुढे ढकलू लागला. आपण गाडीवर राजे आणि इथे भिकारी, असं त्याला वाटायचं. चिडचिड टीनावर निघायची.

शेवटी रविवारी सुजय स्वतः आला. सोबत त्याचा भारीतला हेडफोन होता. म्हणाला, सामान काय बिघडलंय ते एकदा पाहूनच घेऊ. त्यानं लॅपटॉपवर एक साधी शिट्टी लावली, जाड आवाजापासून हळूहळू बारीक होत वर चढणारी. आवाज बंद झाला की बोट खाली करायचं. आधी त्यानं स्वतः ऐकून दाखवलं, मग हेडफोन पीयूषच्या कानावर चढवला. पीयूष बोट वर करून बसला. शिट्टी चढली, चढली आणि थांबली. त्यानं बोट खाली केलं.

"झाली. इतकीच आहे?"

पडद्यावरची रेघ अजून सरकतच होती. सुजयनं हेडफोन काढून टीनाला दिला आणि शिट्टी सुरुवातीपासून लावली. टीनाचं बोट वरच राहिलं. पीयूष थांबला होता ती जागा गेली, तरी वरच. मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या, डोळे बारीक केले, आवाज सहन होत नसल्यासारखे. आणि तेव्हाच पीयूषला कळलं. तिच्या कानात काहीतरी वाजत होतं आणि त्याच्या लेखी जग कधीच गप्प झालं होतं.

सामानात काही बिघाड नव्हता. नकली कोणीच विकलं नव्हतं. टपरीवरचा तो हेडफोन इतका कर्कश होता की त्यातलंच काय ते थोडं पीयूषपर्यंत पोचत होतं.

दुर्गच्या कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावून तेच सांगितलं. गेलं ते परत येणार नाही. राहिलं ते सांभाळा, आवाजाजवळ उभं राहू नका. परतताना टीना बसमध्ये रडली आणि पीयूष खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला मनापासून भीती वाटली. ज्या कानाच्या भरवशावर गाडी सोडायची ठरवली होती, तो कान गाडीनंच आधी खाऊन टाकला होता.

त्याच आठवड्यात देवाजी विसर्जनाच्या सुपारीचा विसार घेऊन आले. सत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, कानावर विडी. त्यांनीच पीयूषच्या हातात पहिल्यांदा काठ्या दिल्या होत्या.

"काका, यंदा मी येत नाही," पीयूष म्हणाला.

"कावून? पैसे वाढवून पायजे काय?"

"नाही. घरीच करून राहिलो आता."

खरं कारण त्याच्या ओठांवर आलं होतं. पण पार्टीत एक न बोललेला नियम असतो: बेंजोवाल्याची बोटं आखडली किंवा पॅडवाल्याचा कान गेला असं एकदा पसरलं की त्याला कोणी पुन्हा बोलावत नाही. गाडीवर तर नाहीच, आणि बीट करायलाही कोण देणार? देवाजींनी कोपऱ्यातला लॅपटॉप पाहिला, कीबोर्ड पाहिला.

"मशीन घेतली अन् मोठा झाला तू," ते म्हणाले आणि पाणीही न पिता गेले. पीयूषला वाटलं, त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाणं मात्र पूर्ण झालं. कसं, ते ऐका. सुजय आपला हेडफोन ठेवून गेला होता. दुपारी टीना क्लिनिकमधून आली की तो लावून बसायची आणि पीयूष पडद्यावरच्या रेघांकडे बघायचा. "वर गेली," ती म्हणायची. "अजून थोडी खाली. हं, आता गोड लागते." दुसऱ्या कडव्यात गायिका श्वास घेते तिथे जागा रिकामी वाटत होती. पीयूषला तिथे घुंगरू हवं होतं. लहानपणी मामाच्या गावी बैलांच्या गळ्यात ऐकलेलं, तसं. त्यानं ते डोक्यात ऐकलं आणि पडद्यावर नेमकं तिथे टाकलं. वाजवून पाहिलं तर त्याला काहीच ऐकू आलं नाही. टीनानं डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत.

"बदलू नका," ती म्हणाली.

गणपती बसले आणि गाणं चाललं. सेक्टरातल्या मांडवात, पावर हाउसच्या ऑटोंमध्ये, जिथे तिथे तेच. लोक फोन करून सांगत, ते घुंगरू काय टाकलंय राव! पीयूष हो हो म्हणायचा. आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता, पण दुसऱ्याच्या पोराचं कौतुक आपल्याला सांगावं तसा तो ऐकून घ्यायचा.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी देवाजी पुन्हा आले. या वेळी न बोलावता बसले, पाणी मागितलं.

"पीयूष, मी तोंडाले आलं ते बोललो त्या दिवशी. तुहं गाणं लय भारी झालं. ते घुंगरू! एवढा तयार कान आपण गाडीवर वाया घालवून राहिलो होतो, मले वाईट वाटलं."

पीयूषला ते सहन झालं नाही. दुसरं काहीही म्हटलं असतं तर त्यानं मान डोलावली असती.

"काका, मले ते घुंगरू ऐकू येत नाही. कानच गेला माहा. टीनानं ऐकलं, म्या नुसतं ठेवलं तिथे." मग एकदा बांध फुटल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं, हेडफोनपासून डॉक्टरपर्यंत. "पार्टीत कोणाले सांगू नका, एवढंच."

देवाजी ग्लासाकडे बघत बसले. टीनाला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही की काय.

"मले तरी कोठी ऐकू येते?" ते म्हणाले. "नातीनं सांगतलं घुंगरू आहे म्हणून, तर मी म्हटलं, हाव, आहे. बेंजोवाला तर मले हातवारे करून सूर सांगते कधीचा. तुले काय वाटलं, तू एकटाच?"

वरच्या मजल्यावर धर्मेंद्रची नाइट होती, म्हणून सगळ्या ओळीत शांतता होती. पीयूषनं विचारलं, "माह्या जागी पॅडवर जो नवा घेतला, त्याले सांगतलं तुमी, कानाचं?"

"उद्या विसर्जन आहे," देवाजी म्हणाले. "उद्या सांगून गाडी कोण वाजवंल?"

ते उठले. पीयूषही उठला आणि दारात त्यांच्यासमोर उभा राहिला.

"मंग मी येतो सांगायले," तो म्हणाला. "गाडी निघायच्या आधी."