दौलतचे डोळे आणि माझे वीस ठिपके

हा किस्सा मी सहसा कोणाला सांगत नाही. आज तुम्ही चहा पाजलात, वर आग्रहही केलात, म्हणून सांगतो. मात्र हसताना जरा बेताने हसा, कारण यात ज्याचे नुकसान झाले तो माणूस मी नव्हे.

माझे आंधळगावात किराणा दुकान होते. आता मुलगा चालवतो. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे सारे शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीवर झाले. गिऱ्हाइकाला जिरे देण्यापूर्वी मी हातातला कागद दोन्ही बाजूंनी वाचून घेत असे. माझ्या ज्ञानप्राप्तीपायी गावातल्या कित्येक फोडण्या खोळंबल्या असतील. अशा रीतीने शिकलेल्या माणसाला एक खोड जडते. आपण चुकलो हे त्याला ऐकवत नाही. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर भंडारा जिल्ह्याचा जुना नकाशा आहे, ज्यात गोंदिया अजून आमच्यातच आहे. जिल्हा विभागला गेला तेव्हा मी त्यावर स्वहस्ते दुरुस्तीची चिठ्ठी डकवली. कोणी सांगितले होते का? मुळीच नाही.

दुकानातून मोकळा झाल्यावर मी संगणक शिकलो. तोही कोणाला न विचारता. त्यात मला स्क्रिप्टचा नाद लागला. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर संगणकाने काय करावे याच्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवणे. हुकूम आपण द्यायचा आणि त्याने निमूट पाळायचा. माझ्या घरात ही सोय पूर्वी कधी झाली नव्हती.

वाचनालयात येणाऱ्या म्हाताऱ्यांना वर्तमानपत्राचे अक्षर दिसत नसे. त्यांच्यासाठी मी पडद्यावर उघडणारी एक खिडकी तयार केली. तिच्यात दिवसाच्या निवडक बातम्या ठळक, मोठ्या अक्षरांत. खाली ‘मागे’ आणि ‘पुढे’ अशी दोन बटणे. बातम्या मी सकाळी दुकानातल्या संगणकावर टाइप करायचो, त्यांचे व्याकरण सुधारायचो आणि दुपारी वाचनालयात नेऊन भरायचो. बातमीदारांच्या वाक्यांना किती दुरुस्ती लागते हे तुम्हाला ठाऊक नाही. दुपारपर्यंत सारा मजकूर माझ्या जिभेवर असायचा.

या वाचनाचा सर्वांत निष्ठावान वाचक म्हणजे दौलत, माझ्या बालपणापासूनचा मित्र. कोशाच्या रेशमाची करवतकाठी साडी विणणारा, आणि त्या विणकामात गावात त्याचा हात धरणारा कोणी नाही. करवतकाठी तुम्ही पाहिली असेल. काठावर करवतीसारखे दाते असतात, आणि काठाच्या रंगाला वेगळा धोटा, अंगाच्या रंगाला वेगळा. नजर जरा हलली की दाता चुकलाच. दौलत जेवण झाले की डोळे मोकळे करायला वाचनालयात यायचा, चार पाने वाचायचा आणि मागावर परत जायचा.

त्या दिवसांत त्याच्या मागावर जी साडी चढली होती ती त्याच्या धाकट्या मुलीच्या, शेवंताच्या, लग्नाची होती; लग्न तोंडावर आले होते. त्यांच्या घरी मुलगी बापाच्या हातची करवत नेसूनच बोहल्यावर चढते. थोरल्या दोघी तशाच गेल्या होत्या.

आणि नेमका तेव्हाच वाचनालयाला नवा मॉनिटर आला. गावचा एक मुलगा पुण्याला नोकरी करतो, त्याने भेट दिला. पाटीसारखा पातळ, आणि चित्र इतके बारकाईने दाखवणारा की आंब्याच्या पानावरची शीर मोजावी. मी जुना ठोकळा काढला, नवा जोडला, माझी खिडकी उघडली आणि बाजूला झालो. दौलत खुर्चीत बसला.

“भाऊ, आज अक्षरं कोठी गेले जी?”

“जागेवरच आहेत.”

“मले त खसखस सांडल्यावानी दिसून रायलं.”

मागच्या बाकावर दुलीचंद बसला होता. हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. वाचायला येत नाही, वाचणाऱ्यांना छेडायला येतो.

“शेटजी,” तो म्हणाला, “तुमच्या मशीनले नवा पडदा सोसला नाही वाटते.”

मी पडद्याकडे पाहिले. अक्षरे खरोखरच मुंगीएवढी झाली होती. त्याच क्षणी ‘हो, काहीतरी बिघडले आहे’ एवढे म्हणालो असतो, तर आज तुम्हाला सांगण्यासारखे काही उरले नसते. परंतु ती स्क्रिप्ट मी लिहिली होती.

“अक्षराचा आकार वीस आहे,” मी म्हणालो. “काल वीस होता, आज वीस आहे. त्यात फरक पडण्याचे कारण नाही. वीस म्हणजे वीस.”

“मंग वाचून दाखवा ना जी,” दुलीचंद म्हणाला.

मी वाचून दाखवले. गोसीखुर्दच्या धरणातल्या पाण्याची बातमी वाचली, लाखांदूरकडच्या धानाची वाचली. स्वल्पविरामाला थांबलो, पूर्णविरामाला श्वास घेतला. दिसत काहीही नव्हते. सकाळी टाइप केलेले सारे पाठ होते, ते म्हटले.

दौलतने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

“तुमाले साफ दिसते, भाऊ?”

“स्वच्छ.”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शब्द तोलून मापून वापरले. हा एक मागे घेता आला असता तर मी बाकीचे सगळे देऊन टाकले असते.

दौलत दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांना मी रोज तसेच, पाठचेच, वाचून दाखवत राहिलो. मग एका सकाळी त्याची बायको पारबता दुकानात आली. मला वाटले साखर हवी असेल.

“भाऊजी, तुमी शेवंताच्या बाबाले काय सांगतलं?”

“का? काय झाले?”

“माग बंद करून बसले. साडी अर्धी हाय मागावर. म्हनते, करवतीचा एक दाता चुकला त पोरगी जलमभर चुकीची साडी सांभारन. आता दुकानातूनच आना म्हनते.”

“मग डॉक्टरांना दाखवा.”

“दाखवलं ना जी. भंडाऱ्याले नेलं होतं. डाक्टर म्हनते, डोरे ठनठनीत हायेत, चष्मा बी बरोबर हाय. त हे मलेच म्हनते, डाक्टरले काय मालूम? भाऊ वाचते अन् मले दिसत नाही, मंग माहे डोरे चांगले कसे?”

आता मला सांगा, अशा माणसापुढे काय करावे? शिकलेल्या डॉक्टरवर त्याचा विश्वास नाही आणि पुड्यांच्या कागदांवर शिकलेल्या माझ्यावर आहे. इतका मान मला उभ्या जन्मात कोणी दिला नाही, आणि जेव्हा मिळाला तेव्हा तो असा मिळाला.

पारबता समोर उभी होती. तेव्हाच सांगून टाकायचे. मी काय केले? म्हणालो, “उद्या दुपारी त्याला वाचनालयात पाठवा.” म्हणजे मी स्क्रिप्ट गुपचूप सुधारणार, दौलत पुन्हा वाचू लागणार, त्याला वाटणार डोळे परतले, आणि मी खोटे बोललो हे कोणाला कळणार नाही. युक्ती चांगली होती. माणूस तेवढा चांगला नव्हता.

मी लगेच वाचनालयात जाऊन बसलो. बऱ्याच खटाटोपाने ध्यानात आले की मी अक्षराचा आकार ठिपक्यांत लिहिला होता. जुन्या पडद्याचे ठिपके विरळ होते, नव्याचे दाट. वीस ठिपके दाटीने बसले की अक्षर निम्मे होणारच. विणकरांच्या गावात जन्म गेला माझा. तेवढेच धागे मागाच्या दाट फणीत भरले की कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी होतो, हे येथे ज्याला त्याला कळते. मला कळले नाही, कारण मी फक्त आकडा पाहत होतो.

अक्षराचा आकडा दुप्पट केला. अक्षरे मोठी झाली, पण बटणे होती तेवढीच राहिली; ‘पुढे’मधले फक्त ‘पु’ उरले. मग खिडकी, बटणे, मधली जागा, सगळ्याच आकड्यांना मी दोनाने गुणले. तरी मनाची खात्री होईना. पुण्याच्या त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “काका, स्क्रिप्टला कशाला हात लावता? संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळेच दुप्पट करा, आणि बंद करून पुन्हा सुरू करा.” मी तेही केले, फक्त दुपटीवर न थांबता आकडा पार शेवटच्या टोकाला नेला. स्क्रिप्टला हात लावून झाला होता हे त्याला सांगितले नाही. आमटीत एकाने मीठ घातले असताना दुसऱ्याने पुन्हा घालावे, तशातला प्रकार. फरक इतकाच की येथे दोन्ही वेळा घालणारा मीच होतो. आणि संगणक बंद केला न केला तोच वीज गेली. चाखून पाहायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी दौलत आला. त्याच्या मागे पारबता, आणि दुलीचंद तर आधीच येऊन बसलेला. मी संगणक सुरू केला, खिडकी उघडली आणि दौलतला खुर्ची दिली.

पडद्यावर एकच अक्षर होते. ‘शे’. या काठापासून त्या काठापर्यंत. त्याची मात्रा वर कोठे गेली तेही धड दिसत नव्हते.

दौलतने चष्मा वर-खाली करून पाहिले. मग हळूच म्हणाला, “भाऊ, त्या दिवसी सारं बारीक दिसे. आज एकच अक्षर दिसून रायलं, अन् तेही भिंतीएवढं. हे त वाढलं जी.”

तो उठला. पारबताला म्हणाला, “चाल. साडीचं आजच पाहून घेऊ.”

“थांब,” मी म्हणालो.

“थांबून का करू, भाऊ? तुमाले सारं दिसते. मले नाही दिसत.”

“शेटजी,” दुलीचंद म्हणाला, “मले बी एकच अक्षर दिसून रायलं. तुमाले किती दिसते? वाचा बरं.”

आणि मी वाचले. होय, वाचले. सवयच ती. तोंड उघडले आणि “शेतकऱ्यांना यंदा कालव्याचे पाणी वेळेवर मिळण्याची चिन्हे असून,” येथपासून पूर्णविरामापर्यंत सबंध वाक्य बाहेर पडले, स्वल्पविरामासकट.

दुलीचंद उठून पडद्याजवळ गेला. वाकून त्या ‘शे’कडे पाहिले, मग माझ्याकडे.

“एवढ्या एका अक्षरात एवढं सारं लिवलं हाय, शेटजी?”

पारबताने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नाही, ते मी पाहिले नाही. मी दौलतकडे पाहत होतो.

“पाठ आहे मला,” मी म्हणालो.

“अन् त्या दिवसी?”

“त्या दिवशीही पाठच होते. मला एकही अक्षर दिसत नव्हते. तुझे डोळे चांगले आहेत, दौलत.”

त्याने मला शिवी दिली असती तर बरे वाटले असते. तो फक्त “बरं” म्हणाला आणि घरी गेला. थोड्या वेळाने मी त्याच्या घरावरून गेलो तेव्हा मागाचा आवाज येत होता. मी तेथे उभा राहिलो, पण आत जाण्याचे धैर्य झाले नाही.

वेळ पुरला नाही. मागावर घाईने हात चालवून करवत होत नसते; आणि जे दिवस हातात होते ते माझ्या ‘स्वच्छ’ने खाल्ले होते. शेवंता भंडाऱ्याच्या दुकानातली साडी नेसून बोहल्यावर चढली. मी अक्षता टाकल्या आणि जेवायला बसलो. दौलतने मला जिलेबीचा आग्रह केला. दोनदा केला. दौलतची करवत लग्नानंतर पुरी झाली.

पुढे शेवंता माहेरी आली. दौलतच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. ती आतून आली आणि माझ्या पाया पडली. अंगावर गडद काठाची साडी. इतके दिवस मनात साचलेले सगळे बाहेर आले. मी म्हणालो, “पोरी, ही करवत बघ. एकेक दाता कसा रेखीव आहे. रंगाचा मेळ बघ. हे यंत्राचे काम नव्हे. असा हात आज जिल्ह्यात दुसरा नाही.” आणखीही पुष्कळ बोललो.

शेवंता बापाकडे पाहू लागली. मग खाली मान घालून म्हणाली, “काका, हे त लग्नातलीच हाय जी, दुकानातली. बाबानं इनलेली पेटीत ठेवली हाय.”

दौलतने चष्मा सारखा केला.

“राहू दे पोरी,” तो म्हणाला. “भाऊ पाठ म्हनून रायले.”