खोकल्याचा पंप

माझ्या सासऱ्यांनी जन्मात कधी बिडी ओढली नाही, तरी तंबाखूनेच त्यांना दवाखाना दाखवला. निमित्त मी.

मी पोंभुर्ण्याचा. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मुन्शी असतो. लोक जंगलातून पानांचे पुडके बांधून आणतात, ते मोजून घ्यायचे आणि उन्हात वाळत लावायचे, हे माझं काम. या पानांच्याच बिड्या होतात, पण फळीवर बिडी पेटवायला सक्त मनाई. एक ठिणगी पडली तर अख्ख्या गावाची मेहनत राख! ही मनाई सगळ्यांना दरडावून सांगायची आणि मग लघवीच्या निमित्ताने नाल्यापलीकडे जाऊन स्वतः ओढायची, असा माझा क्रम होता. माझ्या फेऱ्या बघून लोकांनी मला मधुमेह झाल्याचं ठरवून टाकलं. दोघीतिघींनी कारल्याचा रससुद्धा आणून दिला, आणि तो मी प्यायलोही.

शेवटी माझा खोकला ऐकून बायकोने, विमलने, माझा हात धरला. "माह्या बाबाची शपथ घ्या. बिडी ओठाले लावणार नाई." मी लगेच घेतली. (सासऱ्यांची शपथ घ्यायला आपलं काय जातं?)

तीन आठवडे कसेबसे काढले. मग चंद्रपूरचा माझा मित्र दिनकर याने एक पेनाएवढी नळी खिशातून काढली. ही ई-सिगारेट विकायला बंदी आहे, पण दिनकरला बंदी असलेल्या वस्तू आपोआप सापडतात. म्हणाला, "धूर नाई, राख नाई, नुसती वाफ. बिडीपेक्षा लय बरी." मी विचार केला, शपथ बिडीची होती, वाफेची कुठे होती? घरी विमलने विचारलं तेव्हा सांगितलं, डॉक्टरांनी खोकल्याचा पंप दिलाय. आंब्याचा वास का येतो? तर औषध कडू असतं म्हणून. तिचा विश्वास बसला, आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. आमच्याकडे औषध एकट्याने घ्यायची रीत नाही. एकाला गुण आला की ते नात्यातल्या प्रत्येकाला मिळतं. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या शेजारच्या शकुनबाईंनी दातदुखीवर संपवल्या आहेत.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, कोरपन्याहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले. कापसाचे शेतकरी. बिडी नाही, तंबाखूचा खर्रा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. आमच्या भागात अशा माणसाकडे लोक वळून बघतात. पण येताना खोकला घेऊन आले होते. आणि नेमका त्या दिवशी मी तो पंप चार्जिंगला लावून घरीच विसरलो.

दुपारी फळीवरून परतलो तर मामाजी खाटेवर. चेहरा पांढराफटक, घामाने सदरा भिजलेला, हात थरथरताहेत, बाजूला ओकारीची बादली. शकुनबाई "ऊन लागलं" म्हणत तळपायाला कांदा चोळत होत्या. आणि विमल बापाच्या तोंडात पंप धरून मायेने म्हणत होती, "बाबा, अजून एक दम घ्या, बरं वाटंल."

मामाजींच्या नाकातून आंब्याचा ढग निघाला. तेव्हा खरं सांगून टाकायला हवं होतं. मी काय म्हणालो? "पुरे आता. उपाशी पोटी चालत नाई तो." आज आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

ऑटोने दवाखान्यात नेलं. त्यांचं काळीज इतकं धडधडत होतं की सदरा हलताना दिसत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय घेतलं होतं? विमलने पदराच्या गाठीतून पंप काढला. "हेच औषध. यायलेबी डॉक्टरनंच देल्लं."

बाईंनी नळी हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. मग विमलने बघितलं. मग सलाईन लावलेल्या मामाजींनीही मान वळवली. मी सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं. यात जाळ नाही म्हणून बिडीचं डांबर नाही, हे खरं. पण तंबाखूतलं निकोटिन आहेच, सवय नसलेल्याला ते असं आडवं पाडतं. शिवाय त्या वाफेतली रसायनं फुप्फुसात जातात, आणि ती पुढे काय काय करतील हे अजून पुरतं कोणालाच माहीत नाही.

मी चिवटपणे विचारलं, "म्हणजे बिडीपेक्षा बरंच ना?"

मामाजी क्षीण आवाजात बोलले, "जवाईबापू, नाग फणा काढून सांगते तरी. मण्यार झोपेत चावते, दुखतबी नाई. मंग मण्यार बरा म्हणाचा का?"

मामाजी बरे होऊन कोरपन्याला निघाले त्या सकाळी विमलने माझा हात उचलला आणि माझ्याच डोक्यावर ठेवला.

"आता सोताची घ्या."

त्याला दोन उन्हाळे झाले. बिडी नाही, वाफ नाही. सासऱ्यांच्या जिवावर मी तीन आठवडे टिकलो होतो. स्वतःचा जीव मध्ये आला, तेव्हा कुठे मला तंबाखूचे धोके पटले.