लिलावातून उरलेले पैसे

आमच्यात एक रीत होती. ज्याच्या पाळीचा गणपती, त्यानेच त्या वर्षीची चिपळूणच्या घराची घरपट्टी भरायची. एक वर्ष दादाचं, एक माझं. घर आईच्या नावावर, पण पुराचं पाणी शिरल्यापासून ते बंद होतं आणि आई माझ्याकडे रत्नागिरीला राहायला आली होती. मग दादाने आपल्या पाळीचा गणपती डोंबिवलीला, त्याच्या फ्लॅटवर बसवला. आईला तिथला थाट इतका आवडला की माझी पाळी पुन्हा आलीच नाही. मी मनाशी म्हटलं, गणपती नेलास ना, मग घरपट्टीही तूच भर. दादाला वाटलं, धाकटा जवळ आहे, तो भरत असेल. भरली कुणीच नाही. नोटिसा बंद दारावर चिकटत राहिल्या आणि शेवटी नगरपरिषदेने घर लिलावात विकलं. आम्हाला कळलं ते नंतर, शेजाऱ्यांच्या फोनवरून.

आई पहिलं काय म्हणाली? "दादाला कळवलंस का रे? किती लागलं असेल त्याच्या मनाला!" मी समोरच बसलो होतो. मला काय दगडाचं मन होतं? घर गेल्याच्या दुःखापेक्षा मी त्या एका वाक्यानेच जास्त जळलो.

थकबाकी आणि खर्च वळते करून बरीच रक्कम उरली होती. ती आईची, पण मुदतीत मागितली नाही तर हातची जाणार होती. धावपळ अर्थातच माझ्या वाट्याला. रजा टाकायची, एसटीने चिपळूण गाठायचं, साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकायचं आणि परत यायचं. दमून घरात पाऊल टाकलं की आई म्हणायची, "दादाचा फोन होता. आवाज बसलाय रे त्याचा, फार दमतो तो."

कचेरीत आईच्या सहीच्या दिवशी दादा आला, कडक इस्त्रीच्या शर्टात. आईने माझा हात सोडला आणि त्याचा धरला. "हा माझा थोरला," तिने कारकुनाला सांगितलं. मी मागे फाईल घेऊन उभा. माझी ओळख करून द्यावी असं तिला वाटलंच नाही.

काम झाल्यावर आम्ही चहाला बसलो. आई दादाला म्हणाली, "पैसे आले की सगळे तुलाच देते हो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, "नको आई, सगळे धाकट्याला दे. खेपा त्याने घातल्या, तुझं तोच करतो."

तो मनापासून बोलत होता. तेच मला सहन होईना. आईचे डोळे भरून आले. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "केवढं मन आहे त्याचं! शीक काहीतरी."

पैसे मला मिळाले, सगळेच्या सगळे. आणि घरी कुणी आलं की आई कौतुकाने सांगते, "दादाने दिले हो धाकट्याला."