सासूबाईंचा पहारा

हस्तांदोलन करताना तो समोरच्याची बोटं मोजायचा.

तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण तुम्ही त्याला भेटला असता तर त्यानं तुमचीही मोजली असती. तो तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट हलकेच दाबत जायचा, मग दुसरा हात मागायचा. खात्री पटली की मान डोलवून म्हणायचा, "तुत्ते." म्हणजे इटालियनमध्ये ‘सगळी’. सगळी आहेत. मग हसायचा, आणि मगच तुमचं नाव विचारायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, हा हात बघून भविष्य सांगणार आणि वर दक्षिणा मागणार. मी हात झटकन मागे ओढला. तर तो माझ्याहून जास्त दचकला. "दुखलं? दुखलं?" असं विचारत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरकत गेला. आमची जर्मन घरमालकीणबाई चुलीपाशी उभी होती. ती मला म्हणाली, "मोजू द्या हो त्याला. नाही मोजली तर तो जेवत नाही."

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी एर्लांगेनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करत होतो आणि भाडं परवडावं म्हणून हेर्त्सोगेनआउराखच्या अलीकडच्या एका खेड्यात खोली घेऊन राहत होतो. खाली घरमालकीण, वर माळ्यावर एका खोलीत मी आणि शेजारच्या खोलीत तो. गावात घरात घालायच्या सपाता बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथं तो तळ कापायच्या प्रेसवर कामाला होता. चामड्याचा तुकडा खाली ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा येऊन आदळतो आणि तळ कापला जातो. दिवसभर हेच. कारखान्यातले लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत, अर्थात चिडवायला. मला मात्र तो अगदी मनापासून ‘दोत्तोरे’ म्हणायचा. डॉक्टर व्हायला मला अजून बराच अवकाश होता, पण मी काही त्याला दुरुस्त केलं नाही.

भित्रा म्हणजे किती भित्रा असावा माणूस! पोस्टमनच्या टोपीला तो घाबरायचा. बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत तिकीट मुठीत असं धरून बसायचा की तपासनीस यायच्या आत त्याचा लगदा झालेला असायचा. जिन्यात अंधार असला तर मोठ्यानं खोकत वर यायचा. अंधारात कुणी असलंच तर त्याला आधी कळावं म्हणून. मी त्याची पुष्कळ थट्टा करायचो.

मग एक दिवस घरमालकीणबाई कोबी चिरत होती. मोठा सुरा, जाड लाकडी फळी. तो जेवता जेवता उठला आणि ताट तसंच टाकून अंगणात गेला. बर्फ पडत होता, अंगावर साधा कोटही नव्हता. मी मागोमाग गेलो.

"लोखंड चामड्यावर पडतं ना दोत्तोरे, तेव्हा धप्प होतं," तो म्हणाला. "रोज धप्प, धप्प. माझ्या शेजारच्या प्रेसवर आमच्या गावचा एक जण होता. एक दिवस धप्प झालं नाही."

"मग काय झालं?"

"धप्प झालं नाही," तो पुन्हा म्हणाला. त्यापुढे त्यानं कधीच काही सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. माझं लहानपण इचलकरंजीतलं. मागातून उडालेला धोटा माणसाचं काय करतो ते मी शेजारच्या घरात पाहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी त्याची थट्टा बंद केली.

पण खरी भीती त्याला स्वतःच्या हातांची नव्हती. त्याची बायको डोंगरातल्या त्यांच्या गावी लेस विणायची. मांडीवर गोल उशी, तिच्यावर टाचण्या आणि दोऱ्याच्या लाकडी कांड्या. दोन्ही हातांची बोटं अशी चालतात की डोळ्यांना दिसत नाहीत, असं तो सांगायचा. तिला याच कारखान्यात काम मिळालं होतं, अशाच प्रेसवर. पानगळ सुरू झाली की ती येणार होती. बायको येणार म्हटल्यावर माणूस खुलतो. हा दिवसेंदिवस वाळत चालला होता.

म्हणून त्यानं ती वस्तू बनवायला घेतली.

घराच्या तळघरात कपडे धुवायची खोली होती. घरमालकिणीनं त्यातला एक कोपरा त्याला दिला. मोडक्या छत्रीच्या काड्या, सायकलच्या ब्रेकची तार, जुन्या तराजूतलं एक लोखंडी वजन अशा भंगारातून त्यानं एक लहान प्रेस उभा केला. युक्ती सांगायला सोपी होती. पेडल दाबलं की जड वजन लगेच खाली येत नाही. आधी छत्रीच्या काड्यांची एक हलकी चौकट खाली येते. ती थेट चामड्याला टेकली तरच खिटी सुटते आणि वजन पडतं. वाटेत कशाला अडली, तर खिटी सुटत नाही आणि वजन वरच राहतं.

या चौकटीचं नाव त्यानं ठेवलं होतं सासूबाई. "आधी ही येणार, सगळीकडे चाचपून बघणार. हिच्या मनाला आलं तरच पुढचं काम होणार," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ऐकलेला हा पहिला विनोद. मी इतका हसलो की वरून घरमालकिणीनं फरशीवर झाडू आपटला.

जगात अशी युक्ती आणखी कुणाला सुचली नसेल असं मी म्हणत नाही. सुचलीही असेल. पण त्याला ते ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्या तळघरात ती पहिल्यांदाच जन्माला येत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

चाचणीसाठी त्यानं नुरेंबर्गकडचे बोटाएवढे सॉसेज आणले. मी शुद्ध शाकाहारी माणूस, पण त्या सॉसेजांसाठी माझा जीव तेव्हा तुटायचा. पहिले कितीतरी चिरडले गेले. मग खिटी घासून घासून गुळगुळीत झाली, तार ताणून बसली, आणि सॉसेज वाचायला लागले. एकामागून एक सगळे वाचले. मी टाळ्या वाजवल्या.

तो खूश झाला नाही. "सॉसेज घाबरत नाही, दोत्तोरे. घाबरलेला हात हलतो."

रविवारची दुपार होती. घरमालकीणबाई बहिणीकडे कॉफी प्यायला गेली होती. त्यानं बाही वर केली, आपला उजवा हात वजनाखाली ठेवला आणि मला म्हणाला, "तू पेडल दाब. माझा पाय उचलत नाही."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, हात थरथरत होता, पण तो हात काढेना. "ती आल्यावर कुणीतरी दाबणारच आहे," तो म्हणाला. मी डोळे मिटले आणि दाबलं. खट् असा आवाज झाला. मग काहीच नाही. डोळे उघडले तर चौकट त्याच्या बोटांवर टेकली होती आणि वजन वर लोंबकळत होतं. मी तिथंच साबणाच्या पाण्यात बसलो. त्यानं मात्र हात बाहेर काढून बोटं मोजली आणि म्हणाला, "पुन्हा."

कारखान्यातला माइस्टर म्हणजे आपल्याकडचा मुकादम, फक्त कडक इस्त्रीतला. माणूस वाईट नव्हता. त्यानं तळघरात येऊन सगळं पाहिलं, मान हलवत "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "पण सावकाश चालतं हो." तरी एका प्रेसवर त्यानं सासूबाई बसवून घेतली.

तिथंच खरं दुखणं सुरू झालं. कारखान्यात काम आकोर्डवर चालायचं. जितके तळ कापाल तितकी मजुरी. सासूबाई प्रत्येक खेपेला चाचपत बसणार, तेवढ्यात शेजारचा पुढे जाणार. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खिटीत चामड्याचा तुकडा पाचरीसारखा ठोकला. पाचर बसली की खिटी उघडीच राहते. सासूबाई नुसत्या नावाला, आणि ठोकळा पहिल्यासारखा धाडधाड खाली. यानं पाचर काढली. त्यांनी पुन्हा ठोकली. रोज सकाळी हा काढायचा आणि त्याचेच देशबांधव त्याच्यावर ओरडायचे, "तुझी सासू तुझ्या घरी ने!" आतापर्यंत तो यंत्राला घाबरत होता. आता माणसांनाही घाबरायला लागला. जेवणाची सुट्टी एकटाच शौचालयाच्या मागे काढायचा.

बायको आली त्या दिवशी तो मला बरोबर घेऊन एर्लांगेनच्या स्टेशनवर गेला. ती उतरली, पेटी खाली आणि लेसची गोल उशी कडेवर. त्यानं तिला मिठीबिठी मारली नाही. तिथंच फलाटावर तिचे हात हातात घेऊन मोजणी सुरू केली. ती खळखळून हसली आणि काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणते? "म्हणते, रेल्वेत बोटं कोण चोरणार?" एवढं सांगतानाही तो गंभीर होता.

बाई त्याच्या अगदी उलट. तिला कशाचीच भीती नव्हती. आठवड्याभरात तिनं घरमालकिणीचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. संध्याकाळी ती लेस विणायची, कांड्या एकमेकींवर टकटक वाजायच्या, आणि हा डोळे मिटून ऐकत बसायचा. तेवढाच वेळ त्याचा चेहरा निवांत दिसायचा. माइस्टरच्या हातापाया पडून त्यानं तिला सासूबाईंच्याच प्रेसवर बसवलं होतं. पाचर कधी ठोकणार नाही, असं तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

पण त्यांची मुलगी गावी आजीकडे होती. दोन खोल्यांच्या घराचं भाडं परवडल्याशिवाय तिला आणता येत नव्हतं, आणि नाताळला मुलगी इथं पाहिजे असं आईनं मनाशी धरलं होतं. आईच्या हट्टापुढे कुणाचं काय चालतं?

एके संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. तळहातावर चामड्याचा एक चपटा, झिजलेला तुकडा होता. "तिच्या एप्रनच्या खिशात सापडला," तो म्हणाला.

"मग बोल तिच्याशी."

"बोललो. ती म्हणते, पोरगी आधी येऊ दे, मग तुझ्या सासूपुढे रोज मेणबत्ती लावीन." तो हसायला गेला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "उद्या मी हा फेकून देईन. परवा ती दुसरा कापेल. चामड्याला तिथं काय तोटा?"

त्यानंतर तो स्वतःचा प्रेस चालवताना मान वळवून तिच्या प्रेसकडे बघत राहायचा. मी त्याला कितीदा बजावलं, अरे, यात तुझाच हात जायचा. तो म्हणायचा, "या, या." जर्मनमध्ये या म्हणजे हो. हो म्हणायचा आणि बघत राहायचा. मला रात्री झोप लागेना. दिवसा प्रयोगशाळेत काही खाली पडलं की मी आधी स्वतःची बोटं बघायचो.

पुढचं मला त्याच्या बायकोनं सांगितलं. चामडं सरकलं म्हणून तिनं ते नीट करायला हात घातला. पाय पेडलवरच होता, दाबला गेला. खिटीत पाचर होती. तो कसा पोचला ते तिला कळलंच नाही. त्यानं तिचा हात ढकलून बाहेर काढला तेवढंच तिला आठवत होतं.

"मला वाटलं धप्प होईल," ती म्हणाली. मी तिला पुढे काही सांगू दिलं नाही.

एर्लांगेनच्या इस्पितळात मी गेलो तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापर्यंत बांधलेला होता. बायको पलंगापाशी बसली होती. त्यानं मला जवळ बोलावलं. "खिटी चांगली होती ना, दोत्तोरे?"

"खिटी उत्तमच होती," मी म्हटलं. त्यानं समाधानानं मान हलवली.

पुढची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वर्षा-दोन वर्षांनी मी काही कामानं त्या कारखान्यात गेलो. सगळ्या प्रेसवर सासूबाई बसवलेल्या होत्या. खिटीवर आता लोखंडी झाकण होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली माइस्टरच्या खिशात होती, म्हणजे पाचरीचा प्रश्नच मिटला. माइस्टर कौतुकानं दाखवत होता. "आमची श्वीगरमुटर," म्हणाला. श्वीगरमुटर म्हणजे सासू. हे नाव कुणी ठेवलं, मी विचारलं. माइस्टर नवा होता. त्यानं खांदे उडवले. "कुणी ठेवलं म्हणजे? पहिल्यापासून हेच आहे." मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतली, "आल्झो, असं होय," म्हणाला, आणि मला पुढचं यंत्र दाखवायला लागला.

तर त्याच वर्षी नाताळच्या आधी ती दोघं आपल्या गावी परत निघाली. मुलीला इथं आणायच्या ऐवजी तीच मुलीकडे चालली होती. पोचवायला मी स्टेशनवर गेलो. गर्दी होती, पोलीस होते, भोंग्यातून कडाडून सूचना चालल्या होत्या. तो शांत उभा होता. तिकीट वरच्या खिशात होतं, मुठीत नव्हतं. त्याला घाबरलेला बघायची मला इतकी सवय झाली होती की मलाच भीती वाटायला लागली.

निरोपाला त्यानं हात पुढे केला. सवयीनं उजवाच केला. मी तो दोन्ही हातांत घेतला आणि का कोण जाणे, त्याच्यासारखाच अंगठ्यापासून मोजायला लागलो. अंगठा होता. त्याच्या पुढे माझी बोटं थांबली. पुढे जायला काही नव्हतं. मला वर बघवेना.

त्यानं आपला हात हळूच सोडवून घेतला. बायकोच्या काखेतली लेसची उशी काढून बाकावर ठेवली आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातांत दिले.

"मोज," तो म्हणाला.

ती मान फिरवून रडत होती. मी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट दाबत गेलो. मग दुसरा हात. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तुत्ते," मी म्हटलं.

त्यानं मान डोलवली, हसला, आणि मगच गाडीत चढला.