मिठाच्या पाण्यातली पट्टी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडेवाकडे आहे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे कुणासाठी लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती लागलेच तर सांभाळून घ्यावे.

सन छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. आमचे घर तांबटाचे. पुढच्या खोलीत ह्यांचे ठोकण्याचे काम, मागे आम्ही. माझा धाकटा भाऊ घोटीला भाताच्या गिरणीत होता. तिथे पोत्यांची थप्पी कोसळून त्याची नडगी मोडली. त्याला नाशकात आमच्याकडे आणले. चार महिने फळ्या बांधल्या, हाड जुळेना. डॉक्टर म्हणाले, आता हाडावर धातूची पट्टी बसवून स्क्रूने आवळावी लागेल. पट्टी आत गंजली तर मात्र पाय कापावा लागेल, हेही त्यांनी भावासमोरच सांगितले.

न गंजणाऱ्या पोलादाची पट्टी विलायतेहून मागवता येत होती, पण महाग. हे म्हणाले, "तशी मी घरी करतो." त्यांनी साध्या पोलादाची पट्टी कानशीने घासून केली, भोके पाडली, वर निकेलचा मुलामा चढवून आणला. डॉक्टरांनी विलायती पोलादाचा एक तुकडा नमुन्याला दिला. शरीरातली ओल खारट असते, म्हणून दोन्ही मिठाच्या पाण्यात महिनाभर ठेवून पाहायचे ठरले. पाणी अंगाइतके कोमट राहावे म्हणून दोन्ही बरण्या माझ्या चुलीमागे आल्या.

"एक दिवसाआड पाणी बदल," एवढेच ह्यांनी मला सांगितले.

पहिल्या आठवड्यातच ह्यांच्या पट्टीवर तपकिरी ठिपके दिसले. मी चिंच आणि राख घेऊन ते घासून काढले. आमच्या घरात हे कुणी सांगावे लागत नाही. सासूबाई म्हणायच्या, "तांबटाच्या घरी डागाळलेलं भांडं म्हणजे सुनेच्या आळसाची दवंडी." पाणी बदलताना मी दर खेपेस घासत गेले. त्यात काही चुकते आहे असे मनातही आले नाही.

महिन्याने डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही तुकडे खिडकीशी नेऊन पाहिले.

"वा! हिलाही डाग नाही. मग विलायती कशाला? हीच बसवू."

ह्यांचा चेहरा फुलला. मी दाराआड उभी होते. डाग नाही म्हणून पट्टी चांगली, हे तेव्हा मला उमगले. परक्या पुरुषासमोर मी कधी बोलले नव्हते. सासूबाईंना खुणावले, त्या बघेनात. शेवटी दाराआडूनच म्हणाले, "मी घासत होते."

"काय?" डॉक्टर वळले.

"डाग पडत होते. मी चिंचेने काढत होते."

"किती वेळा, बाई?"

"पाणी बदललं की दर वेळी."

"तोंड उघडायला आजचाच दिवस सापडला का?" हे म्हणाले.

खाटेवरून भाऊ बोलला, "बरं झालं बोललीस, ताई. नाहीतर चिंच घेऊन माझ्या पायात कोण शिरणार होतं?"

डॉक्टर मोठ्याने हसले. हे हसले नाहीत. पुन्हा पंधरा दिवस ठेवायचे ठरले. आता पाणीही डॉक्टरच येऊन बदलणार होते. मी फक्त चूल सांभाळायची. ते डाग रोज बघत बसणे मला जड गेले. पाणी चहासारखे झाले. भोकांच्या कडेला, जिथे मुलामा धरला नव्हता, तिथे गंज सर्वांत जास्त होता. विलायती तुकडा होता तसाच राहिला. ह्यांनी आपली पट्टी उचलली, नखाने एक पापुद्रा काढून पाहिला आणि ती मोडीत टाकली.

विलायती पट्टी मुंबईहून आली. आमच्याजवळ तेवढे नव्हते, डॉक्टरांनी आपल्या पदरचे घातले. पट्टी बसवली. तीन महिन्यांनी भाऊ काठीवर उभा राहिला, पुढे काठीही सुटली. डॉक्टर पाय दाबून बघत, सूज नाही, हाताला गरम लागत नाही, एवढे म्हणत. भाऊ पुन्हा गिरणीत लागला. पोती उचलत नसे, तोलाईवर बसे. पगारातून दरमहा डॉक्टरांना थोडे थोडे पाठवत राहिला. शेवटचे रुपये द्यायला तो स्वतः घोटीहून आला आणि दवाखान्यात चालत जाऊन देऊन आला. पट्टीचे सगळे पैसे फिटले.