हात कुठं करू?

पहाटेपासून बर्फ पडत होता. अर्ध्या अंगणातला काढून झाला तसं झिग्मासनं फावडं भिंतीला टेकवलं आणि तो रोकिश्किस गावातल्या सामन्याला निघाला. तो आणि रिम्विदास बावीस वर्षं जोडीनं बास्केटबॉलचे पंच होते.

शेवटच्या मिनिटाला चेंडू रेषेबाहेर गेला. रिम्विदासनं शिट्टी मारून तो लाल संघाला दिला. पण शेवटचं बोट लालवाल्याचंच लागलेलं झिग्मासनं पाहिलं होतं, म्हणजे चेंडू दुसऱ्या संघाचा.

"आंधळ्या, चष्मा लाव!" लोक ओरडले.

जोडीदाराचा निर्णय आपण फिरवायचा नाही, त्याच्या कानावर घालायचं आणि त्यालाच बदलू द्यायचं, अशी दोघांची रीत. झिग्मास त्याच्याजवळ गेला, लोकांकडं पाठ करून पुटपुटला, "लालचं बोट लागलं, गड्या."

एरवी रिम्विदास खेकसायचा, "नक्की पाहिलंस का रे, बोकडा?" आज तो हळूच म्हणाला, "मला रंगच दिसत नाहीत आता. हात कुठं करू, तेवढं सांग."

"डावीकडं."

रिम्विदासनं डावीकडं हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सामना संपल्यावर त्यानं गळ्यातली शिट्टी काढून झिग्मासच्या हातात ठेवली. "पुढच्या रविवारी दुसरा कुणी बघ."

झिग्मासनं शिट्टी खिशात घातली. घरी येऊन त्यानं फावडं उचललं आणि तो उरलेल्या अंगणातला बर्फ काढायला लागला.