धाकट्याचा हात

तबल्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे मी म्हणत नाही. आमचे तात्या म्हणाले आहेत, आणि त्याचा पुरावा कॅसेटवर आहे.

कॅसेट आमच्या गावच्या सप्त्यातली. गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडे. वडील, म्हणजे तात्या, गात होते. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि तबल्यावर होतो (नेहमीचा तबलजी तापाने आजारी होता, हा तपशील गौण). अभंग संपता संपता तात्या काहीतरी बोलतात. "धाकट्याचा हात..." इथे झांजा कडाडतात. मग "धर..." पुन्हा झांजा. मग "कुणी..." आणि खरखर. धाकटा म्हणजे मी. आता 'हात', 'धर' आणि 'कुणी' या तीन शब्दांत कौतुकाशिवाय दुसरं काय बसणार? एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं घरात आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये उस्ताद म्हणून वावरलो.

माझ्या बायकोला, मंगलला, हे कधीच पटलं नाही.

"तात्यांनाच विचारा की एकदा," ती म्हणायची.

विचारलं. तात्या आता ऐंशीला टेकलेत. म्हणाले, "सप्त्यात म्या काय काय बोललो, कोन ध्यानात ठेवतंय?"

शेवटी लेकीने ती कॅसेट मोबाईलवर घेऊन दिली आणि म्हणाली, "बाबा, एक चांगला हेडफोन घ्या. सगळं साफ ऐकू येईल." झालं! महिनाभर मी हेडफोनचे व्हिडिओ पाहिले. बेस, ट्रेबल, साउंडस्टेज हे शब्द तोंडात बसवले. आमटीत मीठ कमी पडलं तर "ट्रेबल कमी आहे" म्हणू लागलो. मंगलने दुसऱ्या दिवशी ट्रेबल इतकं वाढवलं की आमटी तोंडात धरवेना.

लातूरला एका लग्नाला गेलो होतो, तिथूनच मी, मंगल आणि तात्या हेडफोनच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने पहिला हेडफोन दिला. मी डोळे मिटून ऐकला आणि काढला.

"उजवी बाजू बसलेली आहे."

त्याने दुसरा दिला. त्याचीही उजवी बाजू बसलेली. तिसऱ्याचीही तीच गत.

"सर, नवा माल हाय, कालच खोके आलेत."

"खोके नवे असतील. कान माझे जुने आहेत," मी म्हणालो, आणि त्याला दोन्ही बाजूंचा तोल म्हणजे काय ते बरंच समजावलं. बिचारा मान डोलावत राहिला. "एवढा बारीक कान म्या पाहिला न्हाई बगा," असं म्हणून त्याने काचेच्या कपाटातून सगळ्यात भारी हेडफोन काढला. मंगलने तोवर पहिले तिन्ही लावून पाहिले.

"मला तर दोन्हीकडून येऊन राहिलंय."

"तुझा कान तयार नाही, मंगल."

भारी हेडफोनचीही उजवी बाजू बसलेली निघाली. मी खेदाने मान हलवत असताना तात्या जवळ आले.

"इकडं वळ बरं," म्हणाले, आणि दोन बोटांनी माझ्या उजव्या कानातून अत्तराचा फाया उपसून काढला. लग्नात नवरीच्या मामाने खोसला होता, मायेने, चांगला आतपर्यंत! दुकानभर हिन्याचा घमघमाट सुटला. दुकानदाराने चारही हेडफोनच्या गाद्या एकेक करून हुंगल्या.

मी मुकाट्याने तो भारी हेडफोन पुन्हा लावला.

आणि खरंच सांगतो, आमच्या देवळाचा सभामंडपच माझ्याभोवती उभा राहिला. सूर लावण्याआधी तात्यांनी घेतलेला श्वास ऐकू आला. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. एक मूल कुरकुरलं, त्याला कुणीतरी "गप" म्हणालं. लांब रस्त्याने गुरं परतत होती, त्यांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. ही सगळी माणसं तीस वर्षं त्या खरखरीत बसून होती आणि मला पत्ता नव्हता. समोर ऐंशीचे तात्या काउंटरला रेलून उभे, आणि कानात पन्नाशीचे तात्या वरच्या सुरावर निघालेले. माझे डोळे भरून आले. एवढं सगळं एका देवळात, एका संध्याकाळी घडत होतं, आणि त्यात मीही होतो.

मग अभंग संपत आला. झांजा बाजूला झाल्या, आणि तात्या अगदी स्वच्छ बोलले, "धाकट्याचा हात धरा रे कुणीतरी."

मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

"काय म्हणले तात्या?" मंगलने विचारलं.

"नीटसं कळत नाही."

"मग डोळ्यांत पाणी कामून आलंय?"

"अत्तराचा हात लागला."

दुकानदार म्हणाला, "सर, याची खासियत सांगू का? आतला आवाज बाहेर जरा बी येत न्हाई. शेजारच्याला काई म्हणजे काई कळत न्हाई."

"हाच द्या," मी म्हणालो. महिनाभराचा अभ्यास शेवटी या एका गुणावर येऊन थांबला.

पण तोवर हेडफोन तात्यांच्या डोक्यावर चढला होता, आणि मंगलने मोबाईलवर अभंग पहिल्यापासून लावलाही होता. तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. बोटं काउंटरवर ठेका धरू लागली.

"ह्यो म्या हाय?" कान झाकलेला माणूस विचारतो तेवढ्या मोठ्याने त्यांनी विचारलं. सगळं दुकान वळून बघायला लागलं. तात्यांचा चेहरा असा झाला होता की ते दुकान, ते लातूर, आम्ही, सगळं त्यांच्या लेखी कुठे नव्हतंच. मला फार बरं वाटलं. पण अभंग संपत आला होता. मी हळूच मोबाईल बंद करायला हात पुढे केला. मंगलने माझं मनगट घट्ट पकडलं.

"धाकट्याचा हात धरा रे कुणीतरी!" तात्या कानातल्या तात्यांबरोबर खणखणीत ओरडले.

दुकानातल्या सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे.

"धरलाय, तात्या," मंगल म्हणाली.

तीस वर्षं उशिरा का होईना, त्यांचं कुणीतरी ऐकलं.